मायचा उजवा हात

२ मे १९८५

आज मायनं डाव्या हातानं शेरडीले पाला टाकला. एक पन डगाळ खाली नाई पडलं. बाबा ओट्यावर बसून रडले. मायसाठी एटापल्लीहून येऊन राह्यलेली आत्या म्हनली, "पाय दादा, माह्या तेलानं फरक पडला." तेल ती उजव्या हाताले लावते.

उजवा हात मांडीवर तसाच. बोटं आत वळलेली.

४ मे

रोज कोनी ना कोनी पाहाले येते. विचारतेत, मोहफुलं वेचताना झालं नं? अस्वल होतं का? वाघ होता का? वाळली फांदी वरून डोस्क्यावर पडली म्हनलं की लोकाइले मजा नाई येत.

चांद्याच्या दवाखान्यातून जीव घेऊन आली, थेच खूप. पाय ओढत चालते. पन बोलनं तुटलं. पानी पायजे असलं तं "दोर" म्हनते. दोर पायजे असला तं "थे... थे..." अन् मग कपाळाले हात. माहं नाव तिले सापडत नाई. मले "बाई" म्हनते.

शिव्या मात्र साबूत. कोंबडं घरात शिरलं की पुरी शिवी, मंधात कुठी न तुटता. बाबा म्हनते, डोस्क्यात शिव्याची खोली वेगळी असन, तिथी फांदी नाई लागली.

७ मे

भागरथाबाई आली होती. आमच्या धान रोवनाऱ्या बायाइच्या टोळीची मुखिया. अंडे आनले. मायले म्हनली, "काऊन वं, यमाले पन पटली नाईस का? वापस पाठवलं तुले?" माय हासली. अर्धंच तोंड हासते आता.

जाता जाता अंगनात बाबाले हळूच म्हनली, "औंदा काठाले दुसरी बाई लावावी लागन भाऊ. राग नको मानू."

मायनं ऐकलं. डोस्कं फुटलं तिचं, कान नाई. भिताडाकडे तोंड करून निजली. जेवली नाई.

धानाच्या बांधीत काठाची जागा मायची हाय. माह्या जन्माच्या आधीपासून. काठाची बाई जशी मागं सरकते तशी बायाइची सारी पाथ सरकते. अन् जिनं एक साल सोडलं तिची जागा दुसरीची होते. मग मागता येत नाई. कोनी मागत पन नाई.

१० मे

सावली गावच्या डॉक्टरकडे गेलो. बाबा, माय, मी. त्यानं बोटं उघडून पाह्यली, कोपराले ठोकलं. म्हनला, "डोक्यात जिथं मार लागला तो भाग आता परत उठणार नाही. पण त्याच्या बाजूचा भाग त्याचं काम शिकू शकतो. आपोआप नाही शिकत. हाताला कामाला लावा, तेव्हा डोकं शिकतं. आता जेवढं शिकेल तेवढं पुढे नाही शिकणार. हा पावसाळा वाया घालवू नका."

मंग विचारलं, "घरी हिच्याजवळ कोण असतं?" सगळे माह्याकडे पाहाले लागले. मी चपलेकडे पाह्यलं.

एसटीत बाबा म्हनले, "तिले कामाले लावू मी? जलमभर दुसरं काय केलं तिनं."

१३ मे

सकाळी धानाच्या मिलमंधी कामाले जायच्या आधी बाबा भरवते. संध्याकाळी आत्या. दुपारी शेजारच्या बाया पन भरवाले बसतेत. माय चिमनीच्या पिल्लावानी तोंड उघडते. डाव्यानं आता सगळं येते तिले. पदर घेते, चूल फुकते, बाज ओढते. सगळे खुश.

मी उजव्या हाताले हात लावून पाह्यला. थंडा. जसा दुसऱ्या कोनाचा आपल्या घरी ठेवाले देल्ला.

आत्या काल कबुतर घेऊन आली. एटापल्लीकडे लकव्याले रक्त लावतेत म्हने. बाबा चिडले. "घरात बाबासाहेबाचा फोटो हाय, त्याच्यासमोर तू कबुतर कापशील?" आत्या म्हनली, "मंग फोटो त्या खोलीत ने." कबुतर सुटलं. आता रोज छपरावर येऊन बसते. मायनं त्याले पन शिवी देल्ली.

१६ मे

वार्डात लग्न होतं. पंगतीत मायच्या एका बाजूले मी, दुसऱ्या बाजूले वरपक्षाची बाई. पत्रावळीवर भात, वरन, वांगे-आलू. मी घास उचलला तं मायनं मान फिरवली. एवढ्या बायाइत लेकीच्या हातानं कशी खाईन. अन् डाव्यानं तं पंगतीत कोनीच नाई खात. डावा हात तिनं पदराखाली लपवला अन् बसून राह्यली.

बाजूची बाई म्हनली, "जेवत काऊन नाई वं? मीठ कमी हाय का आमच्या वरनात?"

मंग उजवा हात उठला.

मी पाह्यलं. मांडीवरून उठला अन् पत्रावळीवर बेडकावानी पडला. बोटं भातात गेली. वळली. थोडा भात धरला. अर्धा लुगड्यावर सांडला, थोडा हनवटीले, थोडा तोंडात. परत गेला. परत आला. कपाळावर घामच घाम. वरपक्षाची बाई दुसरीकडे पाहून राह्यली, चांगली होती बिचारी.

घरी आलो. आत्यानं रात्रीचं ताट आनलं. मायनं तोंड उघडलं. हात पुन्हा मांडीवर.

हात मेला नाई. घरी त्याले कामच नाई.

१७ मे

दिवसभर एकच इचार. डावा हुशार झाला म्हनून उजव्याले कोनी बोलावत नाई. मी पन तशीच. शाळेत गुरुजीनं नाव घेतलं तरी "हजर" निघे नाई तोंडातून. सातवीनंतर सुटली शाळा. चक्कीवर, दुकानात, हापशीवर, सगळीकडे माह्या वाटचं मायच बोले. मले कधी बोलावंच नाई लागलं.

आता डा. म्हनजे डावा अन् उ. म्हनजे उजवा. घडी घडी पुरं लिहाले वेळ लागते.

डा. बांधून ठेवला तं?

१८ मे

बाबा मिलमंधी, आत्या नदीवर. जुन्या लुगड्याची पट्टी घेतली. मायचा डा. कमरेशी बांधला. पहिले हासली. मंग पान्याचा गिलास समोर ठेवला अन् मी दूर सरकली.

उ. हालला नाई. डा. ओढला, पट्टी तानली. माह्याकडे पाह्यलं. मंग जी सुटली, "सोड वं मले विमले! सटवे! मायले बांधते?"

विमले.

म्हनलं, "काय म्हनली?" पन आता तिच्या डोळ्यात पानी होतं अन् परत "थे... थे..." मी पट्टी सोडली. बाहेर जाऊन शेरडीजवळ रडली. नाव सापडलं तिले. शिव्याच्या खोलीत होतं.

२१ मे

रोज बांधते. गिलास नाई, तेंदूपत्ता. औंदा मी एकलीच तोडाले जाते, मायसाठी मुद्दाम जास्तीचा भारा आनते. तिनं ढिगातलं एक पान उचलाचं अन् माह्यासमोर ठेवाचं. बस. मी गड्डी बांधते. सुरवातीले पान नाई, ढीगच ओढे. पानं फाटतेत. फाटलेलं पान पत्ता खरेदीच्या फडीवरचा मुन्शी घेत नाई. फाटू दे.

२४ मे

काल संध्याकाळी बांधला होता. मी पानी आनाले गेली. आली तं सुटलेला, अन् बाबा भात भरवून राह्यले. मायचं तोंड भरलेलं. दोघंही माह्याकडे चोरावानी पाहून राह्यले.

"जेवताना तं सोडत जाय नं वं विमल."

जेवतानाच बांधाचा हाय. पन हे तोंडातून निघालं नाई. ताट उचललं अन् मोरीवर गेली.

२७ मे

हापशीवर बाया बोलून राह्यल्या होत्या. मी आली तं गप. मंग एक म्हनली, "मुकीनं मायले खुट्याले बांधलं म्हने." दुसरी, "शेरडीले मोकळं सोडते अन् मायले बांधते." हासल्या. घागर अर्धीच भरली अन् निघाली.

आत्यानं पन सुनावलं. "एटापल्लीच्या जंगलात राह्यतो आम्ही, पन असं कोनी नाई करत."

करू दे. उद्या पन बांधीन.

३० मे

आज तिनं पान उचललं. एकच. अंगठा अन् बाजूच्या बोटाच्या मंधात. मले देल्लं, अन् सोडता आलं नाई. ओढून घ्यावं लागलं. दोघी हासलो.

३ जून

पडली.

डा. बांधलेला होता अन् मी चुलीपाशी. शेरडी दोर तोडून पळाली तं माय उठून धावली. उंबऱ्यात पाय अडला. डा. बांधलेला, उ. वेळेवर आलाच नाई. तोंडावर पडली. ओठ फाटला. समोरचा दात हालून राह्यला.

बाबा मिलमधून धावत आले. कधी जोरानं बोलत नाई थे. आज म्हनले, "तू लेक हायस का वैरीन?" पट्टी चुलीत टाकाले निघाले होते, आत्यानंच हातातून घेतली.

पुन्हा डोस्क्यालेच लागलं असतं तं.

४ जून

मी जेवली नाई. मायजवळ गेली नाई. परसात बसून होती.

दुपारी माय आली. ओठ सुजून भोपळा झालेला. बाजूले बसली. पट्टी माह्या मांडीवर टाकली, डा. हात आपनच कमरेमागं नेला, अन् म्हनली, "बांध."

सरळ. एकदम साफ. मी पाहातच राह्यली तं पायानं मले ढोसलं.

बांधला. बाबा दारात उभे होते. तसेच मिलमंधी वापस गेले.

८ जून

सावली. डॉक्टरनं ओठ पाह्यला अन् विचारलं, "बांधायला कोणी सांगितलं?" बाबानं माह्याकडे बोट दाखवलं. वाटलं आता शिव्या बसतीन. त्यानं मायले आपला पेन धराले देल्ला. तिनं धरला. मंग म्हनला, "बसून करायच्या कामाला बांधा. उठली की मोकळा. थकली की सोडा. आणि चिडली तर चिडू द्या."

वापस येताना बाबानं मले खिडकीची जागा देल्ली.

१५ जून

बाबा आता ताट समोर ठेवतेत अन् आपन उठून अंगनात जातेत. पाहावत नाई म्हनते. दाराच्या फटीतून पाहातेत, मले दिसते.

एका जेवनाले येवढा वेळ लागते का आंबील थंडी होऊन जाते. लुगडं रोज धुवावं लागते.

१९ जून

उ. आज काहीच नाई. कालपर्यंत घास तोंडापर्यंत नेत होता, आज उचलत पन नाई. मायनं ताट फेकलं. मी पन चिडली. म्हनलं, "फेक! अजून फेक! उचलशीन पन तूच, उजव्यानंच!" येवढं मोठ्यानं मी जलमात बोलली नसन. आत्या आतून पाहाले आली.

उचललं तिनं. डाळीचा एक एक दाना.

२३ जून

मिलचा मोठा पट्टा तुटला. मिस्त्रीनं दुसऱ्या चाकावरून फिरवून घेतला. बाबा जेवताना सांगून राह्यले, "चालू झाली मिल. पन आवाज वेगळा. हळू चालते, कनी जास्त पडते." मंग घास तसाच हातात धरून मायकडे पाह्यलं. "तसंच असन का वं, विमल, डोस्क्यात?"

म्हनलं, "असन."

"मंग मिस्त्री कोन?"

आत्या म्हनली, "हे काय, ताट फेकनारी." माय अर्ध्या तोंडानं हासली. आता अर्ध्याहून जरा जास्त.

१ जुलै

धानाच्या रोपाइचे पऱ्हे हिरवे झाले. माय रोज बांधावर जाऊन पाहाते. भागरथाबाई गावात रोवन्याले बाया धरून राह्यली. आमच्या घरावरून गेली, आली नाई.

५ जुलै

परसात चिखल केला. आता डा. बांधून चालत नाई. डाव्या मुठीत रोपाइची पेंडी धराची, अन् उ. नं दोन-चार रोपं काढून अंगठ्यानं चिखलात दाबाची. डा. मोकळा झाला का लगेच पुढं पळते. उ. पोहचायच्या आत रोवून टाकते. मी त्याच्यावर चापट मारते. माय पन मारते, स्वतःच्याच हाताले. दोघी मारतो.

आत्या म्हनली, "मंग डाव्यानंच रोवू दे नं, काय बिघडते?"

पाथीत उभं राहून पाय म्हना. साऱ्या बाया उजव्यानं रोवते. एक डावी आली तं कोपराले कोपर लागते, रोपं तुडवली जाते, ओळ मोडते. भागरथाबाई तिले बांधीच्या बाहेर काढन.

१२ जुलै

रोपं उभी राह्यतेत, पन हात लावला का उपटून येते. अंगठ्याले जोर नाई. बोटं खाली जाते, अंगठा वरतीच. जसा पान्याले भेतो.

१४ जुलै

मी झोपेत होती तव्हा माय परसात जाऊन बसली होती. एकलीच. डा. स्वतःच्या बुडाखाली दाबून.

हे मले नव्हतं सुचलं.

२० जुलै

तशीच हाय. बरं नाई, वाईट नाई. डोस्कं शिकून राह्यलं का थांबलं, कसं समजाचं? वरून काई दिसत नाई.

बाबा म्हनले, नाई झालं तरी चालते, विमलची माय. जेवते आपल्या हातानं, खूप झालं. मायनं मान हालवली. नाई म्हनून.

२७ जुलै

उद्या आमच्याकडचा रोवना सुरू. भागरथाबाईचा निरोप आला. विमलले पाठवा. अन् मायले वाटलं तं पेंड्या फेकाले येऊ द्या, तेवढंच मन रमन.

पेंड्या फेकनं हे पोट्ट्याचं काम.

मायनं निरोप ऐकला. लुगड्याचा काष्टा कसा माराचा थे पाहून राह्यली, एका हातानं होत नाई, दोन लागते. शेवटी दोनानं मारला. मीच सोडला मंग, रात्री काष्ट्यात निजशीन का म्हनलं.

२८ जुलै

नखाइत चिखल तसाच, लिहाले बसली.

बांधीवर सगळ्या बाया. भागरथाबाई म्हनली, "ये वं बाई, तू बांधावर बस, पेंड्या दे." माय बसली नाई. पान्यात उतरली अन् काठाकडे जायले लागली, आपल्या जागेवर. तिथी दुसरी बाई उभी होती. भागरथाबाई म्हनली, "अवं, तुले नाई जमनार. ओळ मोडन." माय बोलाले गेली. "थे... मी... थे..." तोंड लाल झालं. शब्द नाई आला. शिवी पन नाई आली.

बाया माह्याकडे नाई पाहून राह्यल्या. मी कधी बोलत नाई, त्याइले माहीत हाय. मी चिखलातून पाय काढला अन् मायजवळ जाऊन उभी राह्यली. मायनं पन माह्याकडे नाई पाह्यलं.

म्हनलं, "ती रोवन."

भागरथाबाई म्हनली, "काय?"

"ती रोवन. उजव्यानं. काठाची जागा नको देऊ, शेवटची दे. तिची ओळ मागं राह्यली तं मी भरीन. माही भरून तिची भरीन. पन बांधावर नाई बसवाची तिले."

कोनी तरी म्हनली, "अगा बाबा, मुकी बोलली!" अन् हासू फुटलं. भागरथाबाई नाई हासली. म्हनली, "खालच्या टोकाची लहान बांधी हाय. तिथी दोघी लागा. पाथीत नाई. मी संध्याकाळी पाहीन."

रोवलं. मायनं रोवलं. ओळ वाकडी. मी माह्या दोन ओळी कराची तव्हा तिची थोडीशी. मी भराले गेली तं कोपरानं ढकललं मले. दुपारी बाया गात होत्या वरच्या बांधीत, मायच्या तोंडातून चाल निघून राह्यली होती, शब्द नाई.

संध्याकाळी भागरथाबाई आलीच नाई. पानी लागलं तं सगळ्या घरी पळाल्या.

२९ जुलै

सकाळी लवकर गेलो. लहान बांधीत पान्यावर रोपं तरंगून राह्यली होती. माही नाई, तिची. निम्म्याहून जास्त. वाऱ्यानं एका कोपऱ्यात गोळा झालेली. बाबा पन सोबत आले होते. बांधावर उकिडवे बसले अन् तोंडावर हात फिरवला. म्हनले, "चाल, घरी चाल. झालं."

माय उतरली. कोपऱ्यातली रोपं गोळा केली, डाव्यात धरली. उजव्यानं एक काढलं अन् दाबलं. चार बोटं चिखलात जाते, अंगठा अजून पुरा नाई जात. पन जे उभे होते थे पन होते नं. बाबाले दाखवले मी. हात लावून पाह्यलं त्याइनं. हालले नाई.

मी दुसऱ्या टोकाकडून लागली.

तव्हाच भागरथाबाई वरच्या बांधावर आली. उभी राह्यली. किती वेळची उभी होती कोन जाने. तरंगनारी पन पाह्यली असन, उभी पन. तोंडातला तंबाखू थुंकला अन् म्हनली, "उद्या नाल्याकडच्या मोठ्या बांधीत पाथ लागते. लवकर याचं."

कोनाले म्हनली थे समजलं नाई. माह्याकडे पाहून राह्यली का मायकडे, ऊन समोर होतं.

माय म्हनली, "हो."